रत्नागिरी म्हणजे गणपतीपुळ्याच्या वाटेवरचा थांबा?

मांडवीकर:
काल इथे एकाने लिहिलं, "रत्नागिरी शहरात बघण्यासारखं काही नाही. गाडी सरळ गणपतीपुळ्याला काढा, आंब्याच्या पेटीपुरतं शहरात थांबा." रात्री झोप लागली नाही म्हणून लिहितोय. रत्नदुर्गावर भगवतीच्या देवळाच्या पुढे, तटावर कधी संध्याकाळी उभे राहिलात? तीन बाजूंना समुद्र, खाली मिरकरवाड्याकडे परतणाऱ्या होड्या. टिळक आळीत टिळकांचं जन्मघर. सावरकर १९२४ ते १९३७ इथे स्थानबद्ध होते. सगळ्या जातींना खुलं असलेलं पतितपावन मंदिर १९३१ चं. एका अंगाला काळ्या वाळूचा काळा समुद्र, दुसऱ्या अंगाला पांढऱ्या वाळूचा पांढरा. आणि म्हणे काही नाही!

निवळीफाटा:
ते मीच लिहिलं होतं, आणि मागे घेणार नाही. सोबत गुडघेदुखीची आई आणि दोन लहान मुलं. पुण्याहून घाट उतरून येईपर्यंत सगळे आंबलेले. पुळ्याला देऊळ आणि किनारा एकाच जागी, मुलं वाळूत खूश. थिबा राजवाड्यात, त्या ब्रह्मदेशच्या राजाच्या वाड्यात, ती दहा मिनिटांत कंटाळली. दोष त्यांचा का?

भाट्येपूल:
मुलांना पुळ्याच्या पाण्यात सोडू नका, एवढं आधी ऐका. तिथे तळ एकदम उतरतो. माणसं गेली आहेत. माझ्या वर्गातला एक गेला. बाकी वाद नंतर घाला.

निवळीफाटा:
पाण्यात सोडलं नव्हतं. पण सांगितलंत ते बरं केलंत.

देशावरचा:
मूळ प्रश्न राहू द्या, मला त्या राजवाड्याचं कौतुकच कळत नाही. परक्या देशाचा राजा, इंग्रजांनी बांधून दिलेला बंगला. त्यात आपलं काय? त्यापेक्षा झाडगावच्या मत्स्यालयातला देवमाशाचा सांगाडा दाखवा, मुलं तरी रमतील.

मांडवीकर:
आपलं काय? १८८५ साली इंग्रजांनी थिबाला मंडालेहून उचललं, पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं. वाडा बांधून होईपर्यंत १९१० उजाडलं. १९१६ साली तो इथेच वारला. थडगंही इथेच आहे. तो इथे कैदेत असतानाच, १९०८ ते १९१४, टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. आमच्या गावचा माणूस त्याच्या राजधानीत कोंडलेला, त्यांचा राजा आमच्या गावात. हे वाचून तुम्हाला काहीच होत नसेल तर मी पुढे बोलत नाही.

देशावरचा:
आवाज चढवू नका. रत्नदुर्गाच्या पंक्तीला तो बंगला बसवू नका, एवढंच म्हटलं.

वरच्या आळीतली:
मी बोलते. थिबाची नात रत्नागिरीतच वाढली, मराठी घरात नांदली. आमची आजी तिला बाजारात बघायची. आपल्यासारखंच मराठी बोलायची म्हणे. राजाची नात, आणि आजोळच्या देशात राहणं नशिबी आलं नाही. आजी हे सांगताना दर वेळी पदर डोळ्याला लावायची. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थडग्यापाशी येऊन गेले. त्यांना हजारो मैलांवरून यावंसं वाटलं, आणि आपल्याला पुळ्याहून अर्ध्या तासाची वाट वाकडी करवत नाही.

निवळीफाटा:
अर्धा तास? सुट्टीत तासभर धरा. शिवाय मागच्या खेपेला आगगाडीने आलो होतो. स्टेशन कुवारबावाला, गावापासून लांब. रिक्षावाल्याने मागितले तेवढे मुकाट दिले. असल्या स्वागतानंतर शहर कोण बघतो?

मांडवीकर:
रिक्षाचं मान्य. आम्हालाही तेच लागतं. पण १९९८ मध्ये रेल्वे सुरळीत होण्याआधीचं वडिलांकडून ऐका. त्यांच्या लहानपणी मुंबईची आगबोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरून किनारा गाठायची. पावसाळ्यात तेही बंद. ते बंदर बघायला मांडवीला या.

देशावरचा:
टिळक-मंडालेचं मला माहीत नव्हतं. थडगं बघेन. बंगल्याबद्दलचं मत तेच आहे.

निवळीफाटा:
ठीक, पुढच्या वेळी एक रात्र शहरात. पण आई गड चढणार नाही.

वरच्या आळीतली:
चढायचा कुठे! गाडी पार वरपर्यंत जाते, मग थोड्याच पायऱ्या. आईंना भगवतीची ओटी भरू द्या. मग पुळ्याला आरे-वारेच्या किनारी रस्त्याने जा, समुद्र सगळा वेळ डाव्या हाताला राहील.