जुने लेख उघडले की मराठीच्या जागी येन, युरो आणि तिरकी रेघवाले ए

पानगळ

नमस्कार मंडळी. माझी पक्षीनिरीक्षणाच्या नोंदींची छोटी साइट आहे. नुकतंच होस्टिंग बदललं आणि तेव्हापासून जुना एकही लेख वाचता येत नाही. ‘मराठी’ या एका शब्दाच्या जागी हे दिसतं: डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी छोटा ए, मग चार पाय फुटलेला गोळा, मग गोलातला आर; पुन्हा तोच ए, तोच गोळा, मग अंशाचं चिन्ह... असं करत शेवटी येन आणि युरो. पानभर हेच. गंमत म्हणजे कालच लिहिलेला नवा लेख अगदी स्वच्छ दिसतोय.

होस्टिंगवाले म्हणतात फॉन्ट टाका. टाकला, काडीचा फरक नाही. शिवाय वाचकांना जो ईमेल जातो त्याच्या विषयात अवतरणचिन्हाच्या जागी &#८२१७; असं काहीतरी येतं. दोन्ही दुखणी एकच का? आणि बसून एकेक लेख पुन्हा टाइप करायला घेऊ का?

अर्धविराम

पानाच्या हेडमध्ये (कोडच्या सुरुवातीच्या भागात) मेटा चारसेट यूटीएफ-८ आहे का ते बघा, म्हणजे ‘मजकूर यूटीएफ-८ या पद्धतीने वाचा’ ही ब्राउझरला दिलेली सूचना. तो पहिल्या १०२४ बाइट्सच्या आत असावा लागतो. वर ढीगभर स्क्रिप्ट असतील तर तो खाली ढकलला जातो आणि ब्राउझर अंदाज बांधत बसतो. सर्व्हर हेडरमध्ये (पानासोबत पाठवलेल्या माहितीत) वेगळंच एन्कोडिंग, म्हणजे अक्षरांचे बाइट करण्याची वेगळी पद्धत, पाठवत असेल तर मेटाला कोणी विचारत नाही, तेही तपासा.

खिळेजुळवणी

अर्धविराम, एरवी तुमचंच पहिलं बघितलं असतं. पण इथे नवा लेख नीट दिसतोय. हेडर चुकलं असतं तर नवा-जुना सगळाच बिघडला असता. म्हणजे पान ठीक आहे, डेटाबेसमध्ये गेलेला मजकूरच बिघडलेला आहे.

पानगळताई, आधी हात बांधून बसा. एकही जुना लेख उघडून सेव्ह करू नका. कचरा कुठला आहे ते नीट वाचलं की बिघाड कुठे झाला ते कळतं, आणि तुमचा कचरा फार बोलका आहे. तुम्ही चिन्हांचं वर्णन केलंत म्हणून बरं झालं, नाहीतर लोक नुसतं ‘चायनीज दिसतंय’ म्हणून मोकळे होतात.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक मात्रेला तीन बाइट लागतात. ‘म’ म्हणजे ई०, ए४, एई (बाइट असे सोळाच्या पटीतल्या आकड्यांत लिहितात, त्यात ए ते एफ हेही अंकच). हेच तीन बाइट कोणी विंडोज-१२५२ या जुन्या पश्चिम युरोपीय तक्त्यातून वाचले, तर ई० म्हणजे तुमचा तिरकी रेघवाला ए, ए४ म्हणजे पाय फुटलेला गोळा (ते ‘कुठलंही चलन’ असं चिन्ह आहे) आणि एई म्हणजे गोलातला आर. पुढे ‘र’चा शेवटचा बाइट अंशाचं चिन्ह, कान्याचा पाऊणचं चिन्ह, ‘ठ’चा न दिसणारी मोकळी जागा. दीर्घ वेलांटीपासून पुढच्या उकार, मात्रा, हलन्त यांचा मधला बाइट ए५ होतो, आणि तो त्या तक्त्यात येन आहे. वेलांटीचा शेवटचा बाइट ८०, म्हणजे युरो. झाली ‘मराठी’. छापखान्यात एकाच्या केसमधल्या (खिळ्यांच्या पेटीतल्या) खान्यांचे नंबर पाठ करून दुसऱ्याच्याच केसमधून खिळे उचलावेत, तसं झालंय. खिळे सगळे आहेत, हरवलेला एकही नाही. म्हणून फॉन्टचा इथे काही संबंध नाही. फॉन्ट नसता तर रिकामे चौकोन दिसले असते.

केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये यूटीएफ-८ रचलं तेव्हा साधी इंग्रजी अक्षरं एका बाइटमध्ये जुनी होती तशीच ठेवली. ते शहाणपणाचंच होतं. पण त्यामुळे फक्त इंग्रजी लिहिणाऱ्याला हा आजार महिनोन्‌महिने कळत नाही. तुमच्या होस्टिंगवाल्यांना तो फॉन्टचा वाटला यात नवल नाही.

माझा अंदाज असा: जुन्या सर्व्हरवर डेटाबेसमधली टेबलं ‘लॅटिन१’ची होती, तरी आत यूटीएफ-८चेच बाइट पडत होते. (मायएसक्यूएल या डेटाबेस प्रोग्रॅमचं लॅटिन१ म्हणजे प्रत्यक्षात विंडोज-१२५२.) आत जाताना आणि बाहेर येताना दोन्हीकडे सारखंच खोटं बोललं जात होतं, म्हणून पान बरोबर दिसायचं. हलवताना बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रॅमने ते लॅटिन१ खरं मानलं आणि पुन्हा एकदा यूटीएफ-८ मध्ये बदललं. दुहेरी एन्कोडिंग म्हणतात ते हेच.

ईमेलचं दुखणं वेगळं. ८२१७ हा बंद होणाऱ्या एकेरी अवतरणचिन्हाचा युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या सामाईक तक्त्यातला) क्रमांक. तो एचटीएमएल या वेबपानांच्या भाषेत लिहिलाय आणि ब्राउझर त्याचं चिन्ह करून दाखवतो. पण ईमेलचा विषय एचटीएमएल नसतो, त्यामुळे तिथे कोड जसाच्या तसा दिसतो. पाठवण्याआधी शीर्षकातल्या कोडचं पुन्हा चिन्ह करायला ईमेल पाठवणारं प्लगिन बनवणाऱ्याला सांगा.

पानगळ

बापरे, आता समजलं. एका ऑनलाइन दुरुस्तीच्या पानावर लेखाची प्रत टाकून पाहिली (मूळ लेखाला हात लावला नाही!). बरंच परत आलं, पण ‘झुडूप’मधलं झु गेलं, तिथे काळ्या चौकटीतली प्रश्नचिन्हं आणि पुढे नुसतं ‘डूप’. ‘बुलबुल’चे उकार गेले, ‘खंड्या’चं जोडाक्षर फुटलं. ‘शिंजीर’ मात्र धडधाकट. हा काय प्रकार?

खिळेजुळवणी

वा! उदाहरणं अशी हवीत. विंडोज-१२५२ मध्ये पाच खाने रिकामे आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट ८१, हलन्ताचा ८डी, ‘ए’चा ८एफ, ‘ऐ’चा ९०, ‘झ’चा ९डी. काही प्रोग्रॅम या रिकाम्या खान्यांतले बाइट तसेच पुढे पाठवतात, काही फेकून देतात. तुमच्या त्या पानाने फेकले. शिंजीरमध्ये यातलं एकही नाही, म्हणून तो वाचला. हलन्त गेला की मराठीत राहतं काय, तेव्हा ते पान बंद करा. सेव्ह करू नका म्हणालो ते याच भीतीने. बाइट एकदा गेला की परत येत नाही, आणि साधं प्रश्नचिन्ह साठवलं गेलं की मागे काहीच उरत नाही.

मायएसक्यूएल स्वतः हे पाच बाइट सांभाळतं, म्हणून काम तिथेच करा. जुनं खातं अजून चालू आहे का? असेल तर उत्तम. बॅकअप नव्याने घ्या, घेताना कॅरॅक्टर सेट (अक्षरांचा तक्ता) मुद्दाम लॅटिन१ सांगा, म्हणजे बाइट न बदलता बाहेर येतील. मग त्या फाइलमध्ये लॅटिन१चा जिथे जिथे उल्लेख असेल तिथे यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधलं चार बाइटचं, पूर्ण यूटीएफ-८) करून आयात करा. नुसतं ‘यूटीएफ८’ लिहू नका, मायएसक्यूएलमध्ये ते पूर्वापार तीनच बाइटचं आहे. देवनागरी त्यात मावते, पण इमोजीला चार लागतात.

पानगळ

खातं महिनाअखेरपर्यंत चालू आहे. पण होस्टिंग बदलल्यानंतर लिहिलेल्या नव्या लेखाचं काय?

खिळेजुळवणी

तो आधी बाजूला काढून ठेवा आणि आयात झाल्यावर परत घाला. आयात पहिल्यांदा रिकाम्या, वेगळ्या डेटाबेसमध्ये करून बघा, आणि ‘झुडूप’ शोधा.

अर्धविराम

कमेंटचं टेबलही बघा. माझ्याकडे लेख लॅटिन१मध्ये आणि कमेंट यूटीएफ-८मध्ये होत्या, एकाच डेटाबेसात.

खिळेजुळवणी

हो, असं सर्रास असतं. प्रत्येक टेबलची व्याख्या उघडून शेवटची ओळ वाचा. जे खरोखरच यूटीएफ-८ आहे ते या सोपस्कारातून वगळा आणि त्याचा बॅकअप नेहमीच्या पद्धतीने वेगळा घ्या.