भाडेकराराच्या नूतनीकरणासाठी एजन्सी १४४ पौंड मागते आहे. ते द्यावेच लागतील का?

प्रश्न (मिडलँड्समधील भाडेकरू)

सर्वांना नमस्कार. मी इंग्लंडमध्ये एका केअर होममध्ये काम करते, यजमान अर्धवेळ नोकरी करतात, आणि आमच्या व्हिसावर सरकारी आर्थिक मदत घेता येणार नाही अशी अट आहे. त्यामुळे महिन्याचा हिशेब अगदी पै-पैचा असतो. आम्ही एका एजन्सीमार्फत दोन खोल्यांचे घर घेतले, त्याला या ऑगस्टअखेर दोन वर्षे होतील. आता एजन्सीने ईमेल पाठवून कळवले आहे की एक वर्षाचा नवा करार करावा लागेल, त्यासाठी 'नूतनीकरण व प्रशासन शुल्क' म्हणून १४४ पौंड भरावे लागतील, आणि दहा दिवसांत सही केली नाही तर घर पुन्हा जाहिरातीत टाकले जाईल. गेल्या वर्षी याच कारणासाठी आम्ही १२० पौंड निमूटपणे भरले होते. शिवाय आमच्या व्हिसाची मुदत वाढली असल्याने कागदपत्रांची फेरतपासणी करावी लागेल आणि तिचा खर्चही याच रकमेत धरला आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. ही रक्कम टाळण्याचा काही रीतसर मार्ग आहे का? वाद घातला तर घर जाईल, ही भीती मनातून जात नाही.

उत्तर १ (लंडनमध्ये बारा वर्षे भाड्याने राहणारा)

ताई, मी तुमच्या जागी असतो तर रक्कम भरून मोकळा झालो असतो. तत्त्वासाठी भांडणे चांगले, परंतु एजन्सीशी बिघडले की दोन महिन्यांची नोटीस हातात पडते, कारणही सांगत नाहीत, आणि नवे घर शोधण्याचा खर्च १४४ पौंडांच्या कितीतरी पट होतो. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाच्या बाबतीत असेच घडलेले मी जवळून पाहिले आहे.

उत्तर २ (भाडेकरूंच्या सल्लाकेंद्रात स्वयंसेवक)

वरील सल्ला काळजीपोटी दिलेला आहे आणि काही वर्षांपूर्वी मीही कदाचित तोच दिला असता, परंतु आज तो लागू पडत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट शुल्काची. इंग्लंडमध्ये टेनंट फीज अ‍ॅक्ट २०१९ हा कायदा १ जून २०१९ पासून नव्या करारांना आणि १ जून २०२० पासून जुन्या करारांनाही लागू झाला. भाडेकरूकडून कोणकोणत्या कारणांसाठी पैसे घेता येतात, हे या कायद्याने ठरवून दिले आहे, आणि त्यात जे नाही ते घेण्यास मनाई आहे. भाडे, अनामत रक्कम, हरवलेल्या किल्लीचा वाजवी खर्च, फार उशिरा भरलेल्या भाड्यावरील मर्यादित व्याज यांना परवानगी आहे, नूतनीकरणाला नाही. एजन्सी कधीकधी 'करारातील बदलाचे ५० पौंड' या तरतुदीचा आधार घेऊ पाहते, परंतु ती तरतूद भाडेकरूने स्वतः मागितलेल्या बदलासाठी आहे, उदाहरणार्थ सोबत राहणारी व्यक्ती बदलायची असल्यास. करार पुढे चालू ठेवणे हा तसा बदल नव्हे. व्हिसाच्या फेरतपासणीचेही तसेच आहे: ती करण्याची जबाबदारी घरमालकाची किंवा एजन्सीची आहे आणि तिचा खर्च तुमच्यावर टाकता येत नाही. तुम्ही सरकारी संकेतस्थळावरून विनामूल्य शेअर कोड (व्हिसाची स्थिती ऑनलाइन तपासता यावी म्हणून मिळणारा क्रमांक) काढून द्यायचा, तो ९० दिवस चालतो, एवढेच तुमचे काम.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. तुम्हाला नव्या कराराची मुळात गरजच नाही. पूर्वीदेखील मुदत संपल्यावर काही सही न करता राहत राहिले तर करार कायद्यानेच महिन्यामागून महिना चालू राहत असे. पुष्कळ भाडेकरूंना हे कुणी सांगतच नसे, आणि न सांगण्यातच काहींचा फायदा होता. आता रेंटर्स राइट्स अ‍ॅक्ट २०२५ नुसार १ मे २०२६ पासून खाजगी भाड्याचे असे मुदतीचे करार आपोआप मुदत नसलेले झाले. त्यामुळे ऑगस्टअखेर तुमचे काहीही संपत नाही. एजन्सी देऊ करते आहे तो एक वर्षाचा करार तुमच्यासारख्या घराच्या बाबतीत आता तसा करताच येत नाही.

पहिल्या उत्तरातील भीतीबद्दल. कारण न देता घर रिकामे करायला लावणारी कलम २१ ची नोटीस त्याच तारखेपासून बंद झाली. घर विकायचे किंवा स्वतः राहायला यायचे असल्यास घरमालक कारण देऊन नोटीस देऊ शकतो, पण ती चार महिन्यांची असावी लागते. 'शुल्क भरले नाही' हे घर सोडायला लावण्याचे कारण नव्हे. भाडे मात्र वेळेवर आणि पूर्ण भरत राहा. गेल्या वर्षीचे १२० पौंड परत हवेत म्हणून ते भाड्यातून स्वतःहून कापू नका, कारण थकबाकी दिसली की भक्कम असलेली तुमची बाजू विनाकारण कमकुवत होते.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. भाडे वाढवून मागितले तर काय, हे मात्र समजले नाही. त्याच ईमेलमध्ये भाडे ९५० वरून १०१० पौंड होईल असेही एक वाक्य आहे. आणि तक्रार केली तर व्हिसाच्या अटीचा भंग होईल का, अशी शंका यजमानांना आहे.

उत्तर २ (पुढे)

ईमेलमधल्या एका वाक्याने भाडे वाढत नाही. वर्षातून एकदाच, ठरलेल्या सरकारी फॉर्मवर आणि किमान दोन महिने आधी कळवून ते वाढवता येते. वाढ बाजारभावापेक्षा अधिक वाटली तर ती लागू होण्याच्या तारखेपूर्वी फर्स्ट-टियर ट्रायब्युनलकडे, म्हणजे भाड्याचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, अर्ज करता येतो, आणि घरमालकाने मागितलेल्या रकमेपेक्षा जास्त भाडे ट्रायब्युनल ठरवू शकत नाही.

व्हिसाची अट ठरावीक सरकारी भत्ते आणि घरांच्या मदतीपुरती आहे. काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, ट्रेडिंग स्टँडर्ड्स (व्यापारी गैरव्यवहार तपासणाऱ्या) विभागाकडे तक्रार करणे, सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस किंवा शेल्टर या संस्थांचा सल्ला घेणे, ट्रायब्युनलमध्ये जाणे यांपैकी काहीही त्यात मोडत नाही.

आधी एजन्सीला शांत भाषेत ईमेल लिहा: आम्ही सध्याच्या करारावरच राहत आहोत, २०१९ च्या कायद्यानुसार हे शुल्क आकारता येत नाही, गेल्या वर्षी घेतलेले १२० पौंड परत करावेत किंवा आमच्या लेखी संमतीने भाड्यात वळते करावेत. हे फोनवर बोलू नका; फोनवर ते फार गोड बोलतात आणि नंतर पुरावा काही उरत नाही. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही तर ती एजन्सी ज्या तक्रार निवारण योजनेची सदस्य आहे तिथे जाता येते; अशा योजनेचे सदस्यत्व इंग्लंडमधील प्रत्येक एजन्सीला बंधनकारक आहे. ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे तक्रार करण्यासाठी मात्र आठ आठवडे थांबायचे कारण नाही.

उत्तर ३ (कार्डिफ)

वेल्समध्ये अशी बंदी १ सप्टेंबर २०१९ पासून वेगळ्या कायद्याने आहे, आणि स्कॉटलंडमध्ये अशी शुल्के त्याच्याही आधीपासून बेकायदा आहेत. त्यामुळे तिकडच्या वाचकांनी वरच्या तारखा जशाच्या तशा घेऊ नयेत.

ताईंना एक सुचवावेसे वाटते. घरमालकाशी थेट बोलून पाहा. नूतनीकरण झाले की एजन्सी बहुधा घरमालकाकडूनही कमिशन घेते, म्हणजे नव्या सहीची निकड तिला अधिक असते, त्याला नव्हे. माझ्या घरमालकाला आपल्या नावाने माझ्याकडून पैसे मागितले जात आहेत याची कल्पनाच नव्हती. पत्ता नसेल तर एजन्सीकडे लेखी मागा. १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट अ‍ॅक्टनुसार घरमालकाचे नाव व पत्ता २१ दिवसांत द्यावाच लागतो.

प्रश्नकर्ती

आज सकाळी दोन्ही ईमेल पाठवले, एक शुल्काबद्दल आणि एक पत्त्याबद्दल. दुपारी एजन्सीचा फोन आला होता. जे सांगायचे ते कृपया लिहून कळवावे, इतकेच बोलून मी फोन ठेवला. उत्तर आले की इथे लिहीन.

उत्तर १ (लंडनमध्ये बारा वर्षे भाड्याने राहणारा)

माझी माहिती जुनी होती, हे मान्य करतो. गेल्या वर्षी मीही ९० पौंड भरले आहेत. त्यांची पावती शोधायला घेतली आहे.