'पोच्ड पेअर'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: 'प्वार बेल एलेन' या फ्रेंच गोड पदार्थाची कृती मराठीत लिहितोय. सोललेलं अख्खं पेअर व्हॅनिला घातलेल्या साखरपाण्यात शिजवायचं, गार झालं की व्हॅनिला आइस्क्रीमसोबत वाढायचं, वरून गरम चॉकलेट सॉस. 'उकडलेलं पेअर' लिहिलं तर घरून विचारणा झाली, कोण आजारी आहे?

प्रतिसाद: उकडतात ती रताळी. पण इंग्रजी 'पोच'ही नको. पत्राची पोच असते, बोलण्यात पोच असावा लागतो; 'पोच केलेलं पेअर' वाचून मी तरी पोचपावती मागेन. मूळ फ्रेंच क्रियापद 'पोशे', आणि 'पोश' म्हणजे खिसा, पिशवी. फोडलेलं अंडं गरम पाण्यात सोडलं की पांढरं पिवळ्याभोवती पिशवीसारखं आवळतं, त्यावरून. पेअरभोवती कसली आलीय पिशवी? तरी क्रियापद तेच चिकटलं.

प्रतिसाद: आपल्याकडे शब्द नाही, पण मोजमाप आहे. आधण यायच्या अलीकडे थांबायचं! पाणी खदखदता कामा नये, नुसतं हलावं. फ्रेंच आचारी त्याला पाणी 'शहारतंय' म्हणतात. खदखदलं तर पेअर बाहेरून फुटतं आणि आत कच्चंच राहतं.

प्रतिसाद: सरळ 'पाकातलं पेअर' म्हणा की. पाकातल्या पुऱ्या चालतात ना?

प्रतिसाद: नाही चालणार. पाक म्हटलं की मराठी माणूस दोन बोटांत तार बघतो. इथे लिटरभर पाण्याला 400-500 ग्रॅम साखर, तार कुठली येणार! आणि पाक दाट केलात तर तो फळातलं पाणी ओढून घेतो, पेअर आक्रसतं, मग तो मुरांबाच झाला. 'साखरपाण्यात मंद शिजवलेलं' लिहा. लांबलचक आहे, पण खोटं नाही.

प्रतिसाद: थोडं अवांतर. मेनूकार्डावर 'बेले हेलेन' वाचलंय, पण फ्रेंचमध्ये 'ह' मुका असतो, म्हणून 'एलेन'. 'बेल' म्हणजे सुंदर, आणि ते विशेषण पेअरचं नाही, बाईचं. संगीतकार ऑफेनबाखची 'ला बेल एलेन' ही संगीतिका 1864 साली पॅरिसला रंगभूमीवर आली, तिच्यावरून हे नाव. हेलन ग्रीक पुराणकथेतली, ट्रॉयचीच, फक्त थट्टेच्या सुरात. तिला पळवणाऱ्या राजपुत्राचं नावही पॅरिस; फ्रेंच मात्र त्याला 'पारीस' म्हणतात आणि शहराला 'पारी'. म्हणून नावाचं भाषांतर करू नका. 'सुंदर हेलनचं नासपती' म्हणजे तिच्या परसातलं झाड वाटतं.

प्रतिसाद: जर्मनीत याला नुसतं 'बिर्नऽ हेलेनऽ' म्हणतात. तिथे 'ह' स्पष्ट ऐकू येतो आणि सौंदर्य गाळलेलं.

प्रश्नकर्ता: आभार. मथळ्यात 'प्वार बेल एलेन', कृतीत 'साखरपाण्यात मंद शिजवलेलं पेअर', आणि 'आधण येऊ देऊ नये' ही सूचना ठळक अक्षरात. जुन्या पद्धतीत वर साखरेत घोळवलेली व्हायोलेटची फुलं असतात, ती मी गाळतोय.

प्रतिसाद: फुलं गाळा, पण एक ठरवा: ते पेअर की ती पेअर? आमच्याकडे ते पेअर, पण ती नासपती.