‘पार्क्स अँड रेक्रिएशन’चा पहिला सीझन गाळायचा का? आणि दुसऱ्यात नेमकं काय सुधारलं?

अर्धी_सुट्टी
नगरपालिकेच्या उद्यान विभागावरच्या या अमेरिकन विनोदी मालिकेबद्दल जो तो एकच सांगतो: पहिला सीझन सोस, पुढे मजा आहे. पहिल्यात सहाच भाग आहेत, म्हणजे सोसायचे साधारण सव्वादोन तास. पण सोसायचंच कशाला? थेट दुसऱ्यापासून सुरुवात केली तर काय अडतं?
दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. ‘हळूहळू जमत गेलं’ हे उत्तर नको. पहिला सीझन मे 2009 मध्ये संपला, दुसरा सप्टेंबरमध्ये सुरू झाला. नट तेच, शहर तेच. मग चार महिन्यांत काय बदललं, ते भागांच्या नावांसकट कुणी सांगेल का? अमेरिकन ‘द ऑफिस’ पूर्ण बघून झाली आहे, तिचे दाखले चालतील.

फाईल_पुढे_सरकवा
नायिका लेस्ली नोप फारशी बदललीच नाही. बदलली ती तिच्याकडे बघणाऱ्यांची नजर. ग्रेग डॅनियल्सबरोबर ही मालिका उभी करणाऱ्या मायकेल शुरनेही मुलाखतींत साधारण हेच सांगितलं आहे.

पहिल्या सीझनमधला विनोद असा चालतो: लेस्ली काहीतरी भव्यदिव्य बोलते, कॅमेरा शेजारच्या चेहऱ्यावर जातो, तो चेहरा वैतागलेला. ही पद्धत सरळ ‘द ऑफिस’मधून आली. तिथे ती लागू पडते, कारण मायकेल स्कॉट साहेब आहे, आणि साहेबाला हाताखालच्यांनी मनातल्या मनात हसण्यात कुणाला गैर वाटत नाही. लेस्ली उद्यान विभागाची उपसंचालक. एका खड्ड्याच्या जागी बाग करायची, एवढीच तिची मागणी. अशा बाईकडे सगळे कंटाळून बघायला लागले की प्रेक्षकाला ती खुळी वाटते आणि बाकीचे दुष्ट. ‘द बँक्वेट’ (सीझन 1, भाग 5) बघा. आईच्या सत्काराला ती पुरुषी केस कापून येते, आणि लोक काय समजताहेत हे तिला कळत नाही, यावर हशा मागितलाय. एकदा चालतं. सहा भाग नाही चालत.

आता ‘पॉनी झू’ (पॉनी हे मालिकेतल्या शहराचं नाव), म्हणजे दुसऱ्या सीझनचा पहिलाच भाग. प्राणिसंग्रहालयाच्या प्रसिद्धीसाठी लेस्ली दोन पेंग्विनांचं लग्न लावते, दोघेही नर निघतात. संस्कृतिरक्षक बाई येऊन राजीनामा मागतात. आधीच्या सीझनमध्ये लेस्लीने इथे सारवासारव करत आणखी घोळ घातला असता. इथे ती दोन्ही पेंग्विन गाडीत घालून आयोवा राज्यात नेऊन सोडते, कारण तेव्हा तिथे असं लग्न कायदेशीर होतं (कोर्टाचा निकाल त्याच वर्षीच्या एप्रिलमधला). भोळेपणा तेवढाच आहे, पण आता त्या भोळेपणातून ती काहीतरी ठरवते आणि पार पाडते.

सगळ्यात उघड दुरुस्ती ‘ख्रिसमस स्कँडल’मध्ये (भाग 12). एका नगरसेवकाशी नाव जोडलं गेल्यामुळे लेस्ली दिवसभर लांब राहते. तिची कामं बाकीच्यांत वाटली जातात आणि सगळ्यांच्या नाकी नऊ येतात. ही बाई किती काम उपसते हे तिच्या तोंडी एकही वाक्य न घालता सिद्ध होतं. त्यानंतर तिच्या उत्साहाला कुणी कितीही हसो, प्रेक्षक तिच्या बाजूने असतो.

निवांत_बाक
पहिल्या प्रश्नाचं उत्तर. सीझन 1 मधले दोन भाग बघा, चार सोडा.

भाग 1 घ्या: खड्डा, अ‍ॅनची ओळख, तिचा दोन्ही पाय मोडलेला प्रियकर अँडी, आणि काही वर्षांपूर्वी एकदा घडलेल्या गोष्टीमुळे नगररचनाकार मार्कवर अजून जीव टाकणारी लेस्ली. मग भाग 6, ‘रॉक शो’. अँडीचं प्लास्टर दोन आठवडे आधीच निघू शकलं असतं आणि सेवा करून घेण्यासाठी त्याने ते तसंच ठेवलं, हे अ‍ॅनला इथे कळतं. तो दुसऱ्या सीझनमध्ये खड्ड्यात तंबू ठोकून का राहतो, ते यावाचून समजणार नाही.

वेळ असेल तर भाग 2, ‘कॅन्व्हासिंग’ही. लेस्ली स्वतःच घरोघर फिरून नागरिक सभेला गर्दी जमवते, ती सगळी विरोधात निघते, आणि मतदान टाळायला ती वेळ संपेपर्यंत बोलत राहते. प्रभागसभेचा अनुभव असलेल्यांना हा भाग उगाच शिव्या खाणारा वाटेल.

दुसऱ्या सीझनमध्ये 24 भाग आहेत. घाई असेल तर 1, 6, 8, 10, 12, 16, 23, 24. भाग 8 म्हणजे ‘रॉन अँड टॅमी’. टॅमी ही लेस्लीचा साहेब रॉन याची घटस्फोटित बायको; तिचं काम करणारी मेगन मलाली ही रॉन झालेल्या निक ऑफरमनची खऱ्या आयुष्यातली बायको, हे माहीत असलं की त्यांची झटापट दुप्पट हसवते.

टेबलाखालून
‘नजर बदलली’ हे मान्य, पण अर्धंच. मला तरी मोठी दुरुस्ती सांगाड्यातली वाटते, आणि तिचे दोन भाग आहेत.

पहिला, खड्डा. ‘खड्ड्याची बाग होणार का’ ही एकच गोष्ट सीझनभर ताणली तर प्रत्येक भाग जिथे सुरू झाला तिथेच संपतो, कारण बाग झाली की मालिका संपली! लेखकांनी दुसऱ्या सीझनच्या सहाव्याच भागात (‘कबूम’) खड्डा बुजवून टाकला. बाग झाली नाही, जागा राहिली, पण आता दर आठवड्याला नवं प्रकरण घ्यायला लेखक मोकळे. अँडीही तंबूतून निघून नगरभवनात बूट पॉलिश करायला बसला. तो या खात्याचा कुणीच नव्हता. मुळात त्याला थोड्याच भागांपुरता आणला होता, त्याचं काम करणारा ख्रिस प्रॅट आवडला म्हणून ठेवला. अशा पात्राला त्याच इमारतीत रोज असण्याचं साधं कारण लागतं. ते मिळालं आणि खात्यातल्या एप्रिल या मुलीसमोर तो सहज उभा राहू लागला.

दुसरा, मार्क ब्रेंडनाविट्झ. पॉल श्नायडरच्या अभिनयात खोट नाही, भूमिकेत आहे. मार्कला काहीच हवं नसतं. बाजूला उभा राहून हसणारा माणूस ‘द ऑफिस’मध्ये जिम आहे, पण जिमला पॅम हवी असते. दुसऱ्या सीझनच्या शेवटी मार्क गेला, आणि त्याआधीच, 23व्या भागात (‘द मास्टर प्लॅन’), राज्याकडून दोन हिशेब तपासनीस आले: बेन वायट आणि ख्रिस ट्रेगर. बेनची जडणघडण बघण्यासारखी आहे. 18व्या वर्षी महापौर झाला, ‘आइस टाउन’ हे हिवाळी खेळांचं संकुल बांधायला निघाला, गाव दिवाळखोरीत गेलं. म्हणजे तो हरलेली लेस्लीच. शिवाय त्याचं काम खर्च कापायचं, तिचं बागा टिकवायचं, त्यामुळे भांडणही प्रेमही कामातूनच निघतं. मार्कबरोबरच्या प्रेमाचा उद्यान विभागाशी तसा काही संबंध नव्हता.

फाईल_पुढे_सरकवा
@टेबलाखालून, क्रमाचा मुद्दा मात्र राहतो. बेन येईपर्यंत दुसऱ्या सीझनचे 22 भाग झाले होते आणि मालिका तोवर सावरलेली होती. बेनमुळे ती उत्तम झाली म्हणा हवं तर. ‘हंटिंग ट्रिप’ भाग 10 आहे. सहकारी टॉमकडे शिकारीचा परवाना नाही म्हणून रॉनला लागलेल्या गोळीचा दोष लेस्ली स्वतःवर घेते, आणि बाईमाणसाच्या वेंधळेपणाबद्दलची जेवढी म्हणून घिसीपिटी कारणं असतील तेवढी रेंजरच्या तोंडावर फेकते. रॉनला तिच्याबद्दल आदर वाटतो हे यानंतर सांगावं लागत नाही.

उजव्या_हाताचा_दिवा
चित्रीकरणाबद्दल कुणीच बोललं नाही. लिहिल्याप्रमाणे टेक झाले की नटांना एक मोकळा टेक मिळायचा, त्याला सेटवर ‘फन रन’ म्हणत. ‘फ्लू सीझन’मध्ये (सीझन 3, भाग 2) अँडी लेस्लीची लक्षणं संगणकात टाकतो आणि तिला ‘नेटवर्क कनेक्टिव्हिटी’चा त्रास असू शकतो असं निदान करतो. ते वाक्य प्रॅटचं स्वतःचं. पण असं वाक्य सुचायला आपलं पात्र किती आणि कसं मठ्ठ आहे हे नटाला पक्कं ठाऊक लागतं, आणि पात्र मूळ कागदावर होतं त्यापेक्षा कुठे चाललंय हे लेखकांना पडद्यावर बघूनच कळतं. सहा भागांत दोघांनाही तेवढा वेळ मिळत नाही. पहिल्या सीझनमधला अँडी मठ्ठ नाही, आयतोबा आहे. दोन्ही सलग बघा.

अर्धी_सुट्टी
भारी. मग ‘द ऑफिस’चंही असंच झालं होतं का? तिचाही पहिला सीझन सहाच भागांचा.

फाईल_पुढे_सरकवा
औषध तेच, तिथे ते आधीच देऊन झालं होतं. 2005 च्या पहिल्या भागात तर मूळ ब्रिटिश मालिकेची पटकथाच जवळजवळ जशीच्या तशी वापरली होती. बदल दिसतो तो दुसऱ्या सीझनच्या पहिल्या भागात, ‘द डंडीज’मध्ये. मायकेलचा बक्षीस समारंभ नेहमीसारखा रटाळ चाललेला असतो, हॉटेलातली परकी माणसं त्याची टर उडवतात, आणि आतापर्यंत कंटाळलेले त्याचेच कर्मचारी टाळ्या वाजवायला लागतात. घरच्यांनी नावं ठेवली तर ठीक, बाहेरच्यांनी ठेवायची नाहीत! मग ‘द क्लायंट’मध्ये कळतं की हा माणूस विक्रीत खरोखर तरबेज आहे. थोडा जिव्हाळा आणि एक तरी काम चोख जमणं, लेस्लीला हेच दोन्ही दिलं.

टेबलाखालून
आणि मात्रा जास्त झाली की काय होतं तेही याच मालिकेत दिसतं. पाचव्या-सहाव्या सीझनपर्यंत सगळेच लेस्लीवर इतके खूश असतात की ती चुकूच शकत नाही. मग राग काढायला खात्यातला एकटा जेरी उरतो, आणि तो विनोद फार दिवस चालवलाय. तिसरा सीझन (16 भाग) मला सगळ्यात घट्ट वाटतो. खात्याने भरवलेला हार्वेस्ट फेस्टिव्हल हा मेळा फसला तर खातंच बंद, ही टांगती तलवार पहिल्या सात भागांवर आहे.

निवांत_बाक
वरच्या यादीत एक दुरुस्ती. 22वा, ‘टेलिथॉन’, पण घ्या. 24 तासांच्या कार्यक्रमात लेस्लीच्या वाट्याला मध्यरात्री 2 ते 6 ची वेळ येते. मार्क अ‍ॅनला मागणी घालायला निघालेला असतो तेही इथेच, त्यामुळे तो गाळून 23 वर गेलात तर मार्क आणि अ‍ॅनचं कधी फिस्कटलं ते शोधत बसाल.