मदत हवी आहे: ‘पॉकेट कॅम्प’ची ऑफलाइन आवृत्ती आता शून्यापासून खेळण्यात अर्थ आहे का?

नमस्कार.

‘ॲनिमल क्रॉसिंग: पॉकेट कॅम्प’ हा मोबाइलवरचा खेळ ज्यांनी पूर्वी ऑनलाइन खेळला आहे आणि त्याची ‘पॉकेट कॅम्प कम्प्लीट’ ही एकदाच पैसे भरून घ्यायची आवृत्तीही काही महिने खेळून पाहिली आहे, अशा मंडळींचा सल्ला मला हवा आहे. (या खेळात आपला कॅम्प, म्हणजे तळ, फर्निचरने सजवायचा आणि प्राण्यांच्या मागण्या पुरवून त्यांना तिथे राहायला बोलवायचे असते.) प्रश्न 19.99 डॉलरांचा कमी आणि वेळेचा जास्त आहे. माझा जुना कॅम्प आता कोणत्याही मार्गाने परत मिळणार नाही, त्यामुळे मला पहिल्या पातळीपासून सुरुवात करावी लागेल, आणि तेवढे करावे असे त्या खेळात अजून उरले आहे का, हे मला घेण्याआधी समजून घ्यायचे आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगते, कारण तिच्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही. हा खेळ ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर 2017 मध्ये, म्हणजे जगातल्या बहुतेक देशांच्या महिनाभर आधी आला. माझी धाकटी बहीण सिडनीत राहते. तिने तो लगेच सुरू केला आणि मी तेव्हा बेल्जियममध्ये लूव्हनला असल्याने तिच्या पाठोपाठ नोव्हेंबरात सुरू केला. खेळात एक खाण आहे. त्या वेळी तिच्यात शिरायचे तर पाच मित्रांची मदत मिळवावी लागे, नाहीतर वीस लीफ तिकिटे (खेळातले एक चलन) खर्च करावी लागत. बहीण सकाळी उठल्यावर पहिल्यांदा माझ्या खाणीला मदत पाठवायची आणि माझ्याकडे तेव्हा झोपायची वेळ झालेली असायची. आम्ही फोनवर आठवड्यातून एकदाच बोलत असू, पण ती मदत रोज यायची. तिच्या कॅम्पवर जाऊन तिने कोणते नवे फर्निचर मांडले आहे ते पाहणे हा माझ्या दिवसाचा शेवटचा उद्योग होता.

फेब्रुवारी 2018 पासून खेळात ‘फॉर्च्यून कुकी’ आल्या. कुकी विकत घ्यायची, फोडायची आणि आत काय निघेल ते नशिबावर सोडायचे, म्हणजेच गाचा. (जपानमध्ये नाणे टाकून मूठ फिरवली की प्लास्टिकच्या गोळ्यातून खेळणे बाहेर पडते, त्या यंत्राच्या आवाजावरून हा शब्द पडला आहे.) काही कुकी खेळातल्या नाण्यांवर मिळत, पण खरोखर हव्याशा वाटणाऱ्या वस्तू लीफ तिकिटांच्या कुकींमध्ये असत आणि ती तिकिटे खऱ्या पैशांनी विकत मिळत. मीही काही वेळा पैसे खर्च केले आहेत, आणि पाच तारे असलेल्या एका वस्तूसाठी ते केल्यावर ती न मिळाल्याची रात्र मला अजून आठवते.

एप्रिल 2018 मध्ये बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने काही मोठ्या खेळांतल्या ‘लूट बॉक्स’, म्हणजे पैसे देऊन नशिबावर उघडायच्या अशाच पेट्या, हा जुगारच आहे असा निष्कर्ष काढला. पुढे 27 ऑगस्ट 2019 रोजी ‘पॉकेट कॅम्प’ आणि ‘फायर एम्ब्लेम हीरोज’ हे दोन्ही खेळ त्या देशातून काढून घेण्यात आले. तो निर्णय योग्यच होता असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. मुलांच्या हातातल्या खेळात सोडत विकू नये. मात्र त्या दिवशी माझा कॅम्पही बंद झाला आणि मी तो खात्याशी जोडून ठेवलेला नसल्याने पुढे न्यू जर्सीला आल्यावरही सापडला नाही. ही चूक माझी होती. मग 28 नोव्हेंबर 2024 रोजी ऑनलाइन सेवा सगळीकडेच थांबली, डिसेंबरच्या आरंभी ‘कम्प्लीट’ आली आणि जुना सेव्ह तिच्यात नेण्याची मुदतही जून 2025 च्या सुरुवातीला संपली.

आता मुख्य प्रश्न. हा खेळ मुळात वाट पाहण्याभोवती रचलेला होता. खुर्ची बनवायला टाकली की ती काही तासांनी मिळायची, आणि तेवढा धीर नसेल तर तिकिटे हाताशी होतीच. म्हणजे ती वाट आपल्याला कंटाळा यावा आणि आपण पैसे काढावेत या हेतूने ठेवलेली होती. आता तिकिटांच्या जागी खेळूनच मिळवायची लीफ टोकन आली आहेत आणि खेळात विकत घेण्यासारखे काही उरलेले नाही. मग ती वाट आता निवांत वाटते की नुसती रिकामी? विक्रीसाठी बांधलेल्या दुकानातून विक्री काढून टाकली तर मागे उरते ती बाग की गोदाम, हे मला बाहेरून ठरवता येत नाही.

दुसरे, ‘कम्प्लीट’मध्ये दुसऱ्या खेळाडूंशी थेट संबंध नाही. त्याऐवजी ‘कॅम्पर कार्ड’ आहे: आपले कार्ड बनवायचे, त्यावरचा क्यूआर कोड दुसऱ्याने स्कॅन करायचा, की आपले पात्र त्याच्या खेळात दिसू लागते. बहिणीने तिचा 2017 पासूनचा कॅम्प वेळेत हलवला होता आणि तिचे कार्ड मला पाठवूनही ठेवले आहे. ‘न्यू होरायझन्स’ या ‘ॲनिमल क्रॉसिंग’च्याच दुसऱ्या खेळात काढलेल्या नक्षी इथे आणता येत असल्याने तिने तिकडे पैठणीच्या काठावरचा मोर काढून तो इकडे आणला आहे. ते कार्ड पाहिल्यापासूनच हा विचार माझ्या मनात घोळतो आहे. पण कार्डावरची बहीण म्हणजे रोज मदत पाठवणारी बहीण नव्हे. तिथे गेल्यावर बरे वाटते की उलट उणीवच जास्त जाणवते?

एक गोष्ट मात्र निःसंशय सोयीची वाटते. मी एडिसनहून रेल्वेगाडीने न्यूयॉर्कला जाते आणि हडसनखालच्या बोगद्यात नेटवर्क जाते, तेव्हा ऑफलाइन चालणारा शांत खेळ मला हवाच आहे. त्यामुळे ‘दुसरा एखादा खेळ बघा’ असे कोणी सुचवले तरी चालेल, पण आधी याच खेळाविषयी कृपया लिहावे.

प्रतिसाद

आपला प्रश्न मला जवळचा आहे, कारण मी 2018 चा कॅम्प हलवला आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने तिच्या टॅबवर ‘कम्प्लीट’ पहिल्या पातळीपासून सुरू केली, त्यामुळे दोन्ही बाजू घरातच पाहिल्या आहेत. आश्चर्य वाटेल, पण जास्त मजा तिला आली. माझ्याकडे वस्तू इतक्या साठल्या होत्या की मी त्या फक्त मांडत राहिलो. तिला मात्र प्रत्येक नवा प्राणी कॅम्पवर राहायला येणे ही घटना वाटे.

वाट पाहण्याविषयी: प्राणी अजूनही दर तीन तासांनी जागा बदलतात आणि त्यांच्या मागण्या तशाच असतात. सकाळी दहा मिनिटे आणि रात्री दहा मिनिटे असा खेळ ठेवलात तर वाट जाणवतही नाही. सलग दोन तास खेळायला बसलात तर दुसऱ्याच दिवशी कंटाळाल. तुमच्या गाडीच्या प्रवासाला तो बरोबर बसेल. कुकी अजून नशिबाच्याच आहेत, पण त्या टोकनांवर फुटतात आणि मुलगी माझ्याकडे क्रेडिट कार्ड मागायला येत नाही, एवढ्यावरच मी पैसे वसूल मानतो. फक्त पहिल्या डाउनलोडला आणि अद्यतनांना इंटरनेट लागते, ते घरीच उरकून घ्या.

उणे बाजूही सांगतो. नवे कार्यक्रम आणि नव्या वस्तू सप्टेंबर 2025 पर्यंतच येत होत्या. त्यानंतर तेच कार्यक्रम वर्षाच्या चक्राने परत येतात. तुम्ही मधली बरीच वर्षे खेळला नाहीत, त्यामुळे निदान पहिले वर्ष तुम्हाला बहुतेक सगळे नवेच असेल. एकूण वस्तू दहा हजारांच्या वर आहेत, त्या सगळ्या मिळवण्याचा नाद लागत असेल तर मात्र घेऊ नका.

बहिणीच्या कार्डाबद्दल खोटा दिलासा देणार नाही. ‘व्हिसल पास’ नावाच्या जागी ती भेटेल, के. के. स्लायडर या खेळातल्या गायक कुत्र्याचे गाणे चालू असेल, तीही शेजारी उभी असेल, पण रात्री आलेल्या मदतीची जागा ते घेत नाही. आमच्या घरी त्यावर निघालेला उपाय असा की मुलगी आणि तिची मैत्रीण दर महिन्याला पोशाख बदलून नवे कार्ड बनवतात आणि एकमेकींना पाठवतात. ती देवाणघेवाण खेळाबाहेर होते, पण होते.

धागाकर्तीचे उत्तर

इतके सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. दर महिन्याच्या कार्डाची कल्पना मी आज सकाळी बहिणीला कळवली आणि तिने लगेच पहिल्या तारखेचे ठरवूनही टाकले, तेव्हा आज रात्री घरच्या वायफायवर खेळ उतरवून घेते. आता फक्त एक विचारायचे राहिले: सुरुवातीला मिळणारी लीफ टोकन कुकींवर न घालवता साठवून ठेवावीत का, आणि आपल्या मुलीने ती पहिल्यांदा कशावर खर्च केली?