आत्याच्या बडोद्याच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या आहेत : सल्ला हवा

दांडियाबझारकर :
नमस्कार. माझी आत्या ऐंशीच्या घरात आहे. तिचे सारे आयुष्य रावपुरा आणि दांडिया बझार या भागात गेले. लहानपणी ती सुरसागरकाठच्या संगीत महाविद्यालयात गाणे शिकत असे आणि घरी चित्रकार, कीर्तनकार, तबलजी अशा मंडळींचे जाणे-येणे असे, एवढे वडिलांकडून ऐकून आहे. हे सगळे तिच्याच आवाजात जपून ठेवावे असे फार वाटते. पण समोर मोबाइल ठेवून “जुन्या दिवसांबद्दल सांग ना” म्हटले, की “त्यात काय सांगायचे, सगळ्यांचे असेच होते” असे म्हणून ती स्वयंपाकघरात निघून जाते. तिला बोलते करण्यासाठी शहरात कुठे न्यावे? जिने चढणे तिला जमत नाही.

रावपुरेकर :
“जुने दिवस” या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नसते. सुरुवात एखाद्या भिंतीपासून किंवा वस्तूपासून करावी. माझे मत विचाराल तर प्रथम कीर्तिमंदिरात जा. सयाजीरावांच्या कारकिर्दीला साठ वर्षे झाली त्या निमित्ताने बांधलेल्या या वास्तूत नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात गंगावतरण, मीराबाई, नटीर पूजा आणि महाभारत ही भित्तिचित्रे रंगविली. माझ्या आईला मीराबाईसमोर उभे केले, तेव्हा चित्राविषयी ती एक अक्षर बोलली नाही. शाळेच्या सहलीत इथेच बाहेर काढून ठेवलेली चप्पल हरवली, भर उन्हात रावपुऱ्यापर्यंत अनवाणी यावे लागले आणि रडू आवरावे म्हणून बाईंनी वाटेत मीरेचे भजन शिकविले, हे मात्र तिने बाईंच्या लुगड्याच्या काठासकट सांगितले. आम्हां भावंडांपैकी कोणालाही ही गोष्ट ठाऊक नव्हती.

तांबेकर वाड्यातील एकोणिसाव्या शतकातील चित्रेही पाहण्यासारखी आहेत, पण ती वरच्या मजल्यावर असल्याने तुम्हीच परवानगी घेऊन छायाचित्रे काढावीत आणि मोठ्या आकारात छापून आत्यांपुढे ठेवावीत.

संगीत महाविद्यालयात वर्ग चालू असताना जावे. १८८६ मध्ये उस्ताद मौलाबक्ष यांच्या हाताखाली सुरू झालेल्या गायनशाळेची परंपरा तिथे पुढे चालू आहे, हे आत्यांना तुम्ही सांगण्याची गरज नाही. फैयाज खाँसाहेबांबद्दलही थेट विचारू नये. १९५० मध्ये निवर्तलेल्या या दरबारी गायकाविषयी बडोद्यात प्रत्येकाकडे एक ऐकीव कथा असते आणि मग तीच पदरात पडते. त्यापेक्षा तानपुरा कोण लावून देई, फी कोण भरी, मुलगी गाणे शिकते म्हणून शेजारी काय म्हणत, असे विचारावे.

सुरसागर :
रावपुरेकरांशी सहमत आहे. फक्त ध्वनिमुद्रण जागेवरच करण्याचा हट्ट धरू नये, कारण रहदारीच्या आवाजात वयस्कर माणसाचे बोलणे बुडून जाते. तिथे नुसते ऐकावे आणि घरी परतल्यावर चहा घेताना तोच विषय पुन्हा काढावा. पंखा बंद करावा, मोबाइल विमान मोडवर टाकून घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवावा आणि आरंभी तारीख, स्थळ व बोलणाऱ्याचे नाव स्वतः उच्चारावे. फाइलची दुसरी प्रत त्याच दिवशी करावी. घरातले जुने वाद निघाले, तर तो भाग ठेवायचा की नाही हे आत्यांनाच ठरवू द्यावे. मुद्रण चालू आहे हे त्यांच्यापासून लपवू नये, हे वेगळे सांगायला नकोच.

दांडियाबझारकर :
मनापासून आभार. एक शंका राहिली. आत्याच्या मराठीत गुजराती शब्द बरेच येतात. लिहून काढताना ते बदलावेत का?

रावपुरेकर :
मुळीच बदलू नयेत. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना अडेल तिथे तळटीप द्यावी. आपल्याकडच्या वाचकांना तिचीही गरज पडणार नाही.