मदत हवी आहे : ग्रेड ३ मधल्या घराची लाकडी गॅलरी

गिरगावातलं आमचं आजोबांच्या वेळचं घर मुंबईच्या वारसा यादीत ग्रेड ३ मध्ये, म्हणजे तीन श्रेणींपैकी शेवटच्या श्रेणीत, आहे. रस्त्याकडच्या सागवानी गॅलरीचे दोन खांब पावसाने खालून कुजलेत. कंत्राटदार म्हणतो, सगळं काढून लोखंडी गर्डर आणि अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लावू. आईला आणि मला हे अजिबात मान्य नाही. कठड्याची ती नक्षी पुन्हा कोण कोरणार?

१९९५ च्या वारसा नियमावलीपासून वारसा संवर्धन समिती अशा कामांबाबत पालिका आयुक्तांना सल्ला देते, हे ठाऊक आहे. पण जसंच्या तसं लाकूड बदलायचं असलं तरी प्रस्ताव समितीपुढे न्यावा लागतो का? मोजमापाचे नकाशे तुम्ही कोणाकडून करून घेतलेत? जुन्या सागाचं सांधकाम जाणणारे सुतार माहीत असतील तर कृपया कळवा. पावसाळ्याआधी निदान टेकू तरी द्यायचाय.